डाव्या खांद्यावरचं नाणं

फारुकनं चहाचा ग्लास बोनेटवर ठेवला, गाडीचं मागचं दार उघडलं आणि लोखंडी डब्याला कान लावला. आतून टक् टक् आवाज येत होता. मध्येच तो थांबायचा, काहीतरी घरघरायचं आणि पुन्हा टक् टक् सुरू व्हायचं. कनेरगाव नाक्यावरच्या ढाब्यात खाटेवर आडवा झालेला एक ट्रकवाला मान उचलून म्हणाला,

"चाचा, डब्यात घड्याळ पाळलं का काय?"

फारुकनं त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. एरवी असल्या माणसाला त्यानं दोन शब्द परत दिले असते.

"मॅडम, बंद करा ते. जितका वेळ चालू ठेवाल तितकं आतून खरवडून राहिलं."

"शेवटचं एकदा," प्रियदर्शनी म्हणाली आणि तिनं बटण दाबलं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांची एक ओळ आली. डिस्क सापडत नाही, असं त्या ओळीचं म्हणणं होतं. डिस्क तर तिथंच होती, फारुकच्या कानाखाली.

ही गाडी क्षयरोग शोधणारी. गावोगाव, तांड्यावस्त्यांवर जायचं, धडधाकट दिसणाऱ्या माणसांनाही रांगेत उभं करायचं आणि त्यांच्या छातीचे एक्स-रे घ्यायचे, हे तिचं काम. एक्स-रे काढायला प्रियदर्शनी, चालवायला फारुक. तिसरं माणूस मंजूर होतं म्हणे, पण त्याला आजवर कोणी पाहिलेलं नव्हतं. काढलेल्या फिल्मा ड्रायव्हरच्या सीटमागं बोल्टांनी आवळलेल्या त्या डब्यात, म्हणजे कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कवर, साठायच्या. माणसांची नावं, वयं, फोन नंबर, सगळं त्यातच. संध्याकाळी हिंगोलीला डॉक्टर त्या फिल्मा बघायचे. तांड्यांवर नेटवर्क मिळण्याची बोंब, त्यामुळं सकाळपासून संध्याकाळपर्यंत एवढ्या माणसांची फुप्फुसं त्या एका डब्याच्या भरवशावर खडबडीत रस्त्यांनी हिंडत असत.

आणि डिस्क तरी कसली? जुन्या चालीची, आत गरागरा फिरणारी. तिच्यावरून केसाइतक्या अंतरानं एक सुई सरकते, गाडीनं हिसका दिला की सुई डिस्कवर आपटते आणि जिथं आपटेल तिथलं सगळं पुसून जातं, हे डबा बसवणाऱ्या इंजिनियरनंच फारुकला समजावलं होतं. वर हसून म्हणाला होता, खरं तर ही टेबलावर ठेवायची वस्तू आहे चाचा. मग गाडीत काहून बसवून राहिलात, असं फारुकनं विचारल्यावर मात्र त्याचं हसू आटलं. ठेका घेतलेली कंपनी लांबच्या शहरातली. न फिरणारी, चिपवाली डिस्क द्या म्हणून फारुकनं कितीदा तरी फोन केले. बघू, म्हणाले. शेवटी त्यानं हिंगोलीजवळच्या गोरेगावातल्या घरून बायकोनं शिवलेली गोधडी आणून डब्याखाली घातली आणि आपला आपण एक नियम केला. शेवटची फिल्म झाली की कॉम्प्युटर बंद करायचा, आतली घरघर पुरती थांबू द्यायची, आणि मगच किल्ली फिरवायची. या नियमावर त्यानं ती म्हातारी डिस्क सांभाळली होती.

"निघताना बंद केलं व्हतं ना तुमी?" त्यानं विचारलं.

तांड्यावरून निघतानाही त्यानं हे विचारलं होतं आणि ती हो म्हणाली होती. आता तिनं नुसतं खाली पाहिलं.

"न्हाई केलं," फारुक म्हणाला.

"एक फिल्म परत बघायची होती, चाचा."

"गाडी थांबवून बघायची व्हती. मी काय पळून चाललो व्हतो?"

"तुम्हीच म्हणालात ऊन लई झालं, चला लवकर." मग तिला स्वतःचीच लाज वाटली. "नाही, माझं चुकलं. मला वाटलं दोन मिनिटं बघते आणि बंद करते. तेवढ्यात नाला आला."

नाल्यातला तो दगड फारुकला आठवला. चाक त्याच्यावरून खाली आदळलं तेव्हा मागून काही आवाज आला नव्हता. घरातली भांडी पडली तर कळतं तरी. इथं सकाळपासूनची सगळी माणसं एका क्षणात गेली आणि त्याला पत्ता नाही. त्याला राग आला होता, आणि पोरीचं तोंड बघून तो कुठं ठेवावा हे कळत नव्हतं.

"काय व्हतं त्या फिल्ममंदी?"

प्रियदर्शनीनं स्वतःच्या गळपट्टीच्या हाडाखाली बोट ठेवलं. "इथं. डाव्या बाजूला, वर. एवढी पोकळी होती, चाचा. भोवती पांढरं. डॉक्टरांची वाट बघायचीसुद्धा गरज नाही अशी. ही बाई खोकली की घरातल्या प्रत्येकाच्या अंगात जातंय."

"बाई व्हती?"

"बाईच होती."

"नाव?"

नाव डब्यात होतं. फिल्मच्या कोपऱ्यात नंबर असतो, पण समोर तशी पोकळी दिसल्यावर कोपऱ्याकडे कोण बघतं? सकाळी रांग मोठी होती, एक बाई उतरली की दुसरी चढायची, आणि प्रियदर्शनीला चेहरे लक्षात ठेवायची सवय नव्हती. ती दिवसभर छात्या बघायची. दुपारी डबे खाऊन झाल्यावर सहज फिल्मा चाळताना तिला ती दिसली, आणि तेवढ्यात नायकानं, म्हणजे तांड्याच्या प्रमुखानं, गाडी लग्नाच्या मांडवाच्या जागेवरून काढा म्हणून घाई केली.

तिनं हिंगोलीला फोन लावला. पलीकडचा माणूस सभ्य होता. असं होतं मॅडम, म्हणाला. तांत्रिक बिघाड झाला असं कळवा. नवी डिस्क आली की त्या तांड्यावर परत कॅम्प लावू.

"कधी?"

"पावसाळ्याच्या आत बघू."

"सर, तिथं एका बाईला पोकळी आहे. मी डोळ्यांनी बघितली."

"नाव काय तिचं?"

नाव डिस्कबरोबर गेलं, असं प्रियदर्शनीनं सांगितलं. पलीकडचा माणूस, खरोखर वाईट वाटल्यासारखं, "मग सांगा मी काय करू," म्हणाला.

फोन ठेवल्यावर ती गाडीच्या पायरीवर बसली. नोकरी जाईल ही भीती होतीच, पण ती मागं कुठंतरी होती. पावसाळ्यापर्यंत ती बाई चुलीपुढं खोकत राहील, लेकरं कडेवर घेत राहील, आणि हे आपल्याला माहीत असेल, याची भीती मोठी होती. आपण ती फिल्म पाहिलीच नसती तर बरं झालं असतं, असंही तिच्या मनात येऊन गेलं आणि ती आणखीच घाबरली.

"चाचा, तिच्या खांद्यावर नाणं होतं."

"काय?"

"डाव्या खांद्यावर. फिल्ममध्ये पांढराशुभ्र गोल दिसत होता. काचळीला, त्या नाड्यांच्या बंजारा चोळीला, शिवलेलं नाणं असणार ते."

फारुकनं हिशेब केला. तांड्यात काचळ्या घालणाऱ्या बाया आता राहिल्यात कुठं? पोरीबाळी सगळ्या साडी आणि हुकाचं ब्लाउज घालणाऱ्या. म्हणजे शोधायला फार लागू नये. डिझेल होतं, ऊन उतरायला लागलं होतं. त्यानं गार झालेला चहा एका घोटात संपवला.

"बसा. पण तिथं जाऊन सगळ्यासमोर काय बोलू नका. टीबीचं नाव निघालं ना, तं माणसं त्या घरचं पाणी पीत न्हाईत. बराबर समजून घ्या, बेटा."

तो तिला बेटा क्वचित म्हणायचा. एरवी मॅडम, आणि तेही चिडवल्यासारखं.

*

तांड्यावर सकाळी मोकळा असलेला नायकाचा ओटा आता भरला होता. सतरंजी अंथरली होती आणि तिच्यावर पांढऱ्या कपड्यांतली, फेटे बांधलेली पाच-सहा माणसं बसली होती. जीप उभी होती, तिच्या बोनेटला हळदीचं बोट लावलेलं. हिरासिंग नायक पाहुण्यांना पान देत होते. गाडी दिसताच त्यांचा हात तसाच राहिला.

"काहून वापस आलात?" ते ओट्यावरूनच म्हणाले. आवाज गोड होता, पण डोळे गोड नव्हते.

"मॅडमची पर्स राहिली नायकसाहेब," फारुक म्हणाला. "बायांच्यात कुठं तरी ठेवली म्हणून राहिल्या."

पाहुण्यांतला जाडजूड मिशांचा माणूस गाडीवरची अक्षरं वाचायचा प्रयत्न करत होता. हे रतनसिंग, डोंगरकड्याकडचे. हिरासिंगांच्या थोरल्या, वारलेल्या भावाची मुलगी पुजा त्यांच्या मुलाला दिली होती. लग्न गुरुवारी, आणि आज शेवटची बोलणी.

"कसली गाडी म्हणायची ही?" त्यांनी विचारलं.

"सरकारी हाये. छातीचे फोटो काढून राहिलेत गावोगावी."

"काहून? इथं कोणाला काय हाये का?"

ओट्यावर कोणी हललं नाही. पान खाणारानं चावायचं थांबवलं. फारुकला वाटलं, आता एक शब्द इकडचा तिकडं झाला तर जीप इथून हळदीच्या बोटासकट परत जाईल.

"कोणाला काय न्हाई," हिरासिंग म्हणाले. "सगळ्याच गावाला काढतेत. तुमच्याकडं बी येतील."

"येतो ना," फारुक हसून म्हणाला. "पुढच्या महिन्यात डोंगरकड्यालाच हावोत आमी."

रतनसिंगांनी मान डोलावली, पण नजर गाडीवरून काढली नाही. प्रियदर्शनी खाली मान घालून घरामागं गेली. पाठीवर त्या सगळ्यांची नजर आहे हे तिला चालताना जाणवत होतं.

घरामागं तीन चुली पेटल्या होत्या. बाया लापशी ढवळत होत्या, भाकरी थापत होत्या, बोलणं बंजारी भाषेत भरभर चाललं होतं. ती दिसताच बंद झालं. ती काहीबाही विचारत, पर्स शोधल्यासारखं करत पुढं गेली. आणि दोरीवर तिला ती दिसली. धुऊन वाळत घातलेली एक जुनी काचळी. मागं बांधायच्या नाड्या, आरसे केव्हाच गळून गेलेले, आणि डाव्या खांद्यावर एक मोठं, काळवंडलेलं नाणं.

सापडली.

"ही काचळी कोणाची?" तिनं शक्य तितक्या सहज विचारलं.

बायांनी एकमेकींकडे पाहिलं. भाकरी थापणाऱ्या एकीचा हात थांबला. चुलीपासची एक पन्नाशीची बाई पीठ झटकत उठली. तिच्या अंगात आरशांनी भरलेली दुसरी काचळी होती, डोक्यावर ओढणी, हातांत कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या.

"माही हाये," ती म्हणाली. "जिवनबाई माहं नाव. काहून?"

प्रियदर्शनीनं तिला दोरीपाशी, जरा बाजूला घेतलं.

"मावशी, घाबरू नका. सकाळच्या फोटोत थोडं काहीतरी दिसलंय. हिंगोलीला मोठ्या दवाखान्यात परत एक फोटो काढावा लागेल. आत्ता आमच्या गाडीतच चला. बरं होतं हे, गोळ्यांनी पूर्ण बरं होतं."

जिवनबाईनं दोरीवरच्या काचळीकडे पाहिलं. मग चुलीकडे. तिथं नवं हिरवं ब्लाउज घातलेली एक सडपातळ मुलगी पाहुण्यांसाठी कपांत चहा ओतत होती. प्रियदर्शनीचीही नजर तिकडे गेली, आणि काहीतरी बोलायचं म्हणून ती म्हणाली, "नवरी का?"

मुलगी लाजून हसली आणि तिनं पदर तोंडावर धरला. चांगला दोन्ही हातांनी धरला.

"माही पुजा," जिवनबाई म्हणाली. आणि लगेच, कुणी मागं लागल्यासारखं, "चला. मी येते."

तिनं काय दिसलं ते विचारलं नाही. किती वेळ लागेल ते विचारलं नाही. बायांना बंजारीत दोन शब्द सांगितले आणि ओट्यासमोरून गाडीकडे निघाली. हिरासिंग उठूनच उभे राहिले.

"वयनी, कुणीकडं?"

"दाढ ठणकून राहिली भाऊ. गाडी हिंगोलीला चालली, जाऊन येते."

"व्याही बसलेत! अन् तू नवरीची माय!"

"रात्री झोप न्हाई मला," ती व्याह्यांकडे न बघता म्हणाली. "लग्नात तोंड सुजवून फिरू काय?"

कोणीतरी हसलं. रतनसिंगही मिशांत हसले, म्हणाले जाऊ द्या नायक, दाढेचं दुखणं वाईट. हिरासिंग बसले खरे, पण हातातलं पान त्यांनी कुणालाच दिलं नाही. जिवनबाई गाडीत चढली आणि प्रियदर्शनीनं दार ओढून घेतलं.

*

फारुक नाल्यातून गाडी अलगद काढत होता. डिस्क मेलेली होती, आता जपायचं काही नव्हतं, पण हात ऐकत नव्हते. मागच्या बाकावर दोघी समोरासमोर होत्या. प्रियदर्शनीला हलकं वाटत होतं. माणूस सापडलं होतं. आता दवाखाना, एक्स-रे, बेडका तपासायचा, उद्यापासून गोळ्या. तिला तर त्या बाईचा हात धरून बसावंसं वाटत होतं.

"मावशी, खोकला किती दिवसांपासून आहे?"

"झाले दोन महिने. रात्रीचा जास्त. उशीत तोंड खुपसून खोकते, कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून."

"ताप?"

"संध्याकाळी अंग कोमट लागतं. पहाटं घामानं केस ओले व्हतेत. मी फडक्यानं पुसून..." ती थांबली. "पुसून घेते."

"वजन कमी झालंय का?"

"लई. ब्लाउजं सगळी ढिली पडली. लग्नासाठी शिवली त्ये दोनदा उसवून आत घेतली. शिंपी म्हणून राहिला, आता कापडच उरलं न्हाई आत घ्यायला."

फारुकनं आरशातून मागं पाहिलं. त्याला त्या बाईच्या अंगावरची काचळी दिसत होती. नाड्यांनी बांधायची, हवी तशी आवळायची. हिला शिंपी कशाला लागतो? त्यानं गाडीचा वेग आणखी कमी केला, पण बोलला नाही. बोलणं आपलं काम नाही असं त्याला वाटलं, आणि भीतीही वाटली.

प्रियदर्शनीनंही ते ऐकलं होतं. ती काचळीवरच्या त्या आरशांकडे, पांढऱ्या बांगड्यांकडे, त्या भक्कम दंडांकडे बघत राहिली. पाऊण तास झाला होता. रस्ता हाडं खिळखिळी करणारा, खिडकीतून धूळ येत होती, स्वतः प्रियदर्शनी चारदा खोकली होती. ही बाई एकदाही खोकली नव्हती.

आणि मग सकाळ तिच्यापुढं उलगडायला लागली. तिनं स्वतःच बायांना सांगितलं होतं, हुक नको, पिन नको, साखळी नको, धातूचं काही नको. गाडीतला निळा झगा बायांनी हाताला लावला नव्हता. कुणाकुणाच्या अंगाला लागलेला, म्हणाल्या. पोरीबाळींच्या ब्लाउजांना हुक. त्या हिरमुसून घरी गेल्या आणि काचळी घेऊन परत आल्या. तिला तेव्हा किती बरं वाटलं होतं. समजूतदार आहेत, असं वाटलं होतं. एक उतरली की पडद्याआड दुसरी बदलायची. ते नाणं तिनं किती फिल्मांत पाहिलं होतं? एकीतच नव्हे. आता आठवत होतं. पांढरा गोल एकामागून एक सरकत होता आणि तिनं त्याच्याकडे लक्षच दिलं नव्हतं.

"मावशी," ती म्हणाली. "तुम्ही सकाळी फोटो काढला होता?"

जिवनबाई ओढणीवरची धूळ झटकायला लागली.

"रांगेत होतात का तुम्ही?"

"मी सकाळपासून चुलीपाशीच," ती शेवटी म्हणाली. "पाहुणे यायचे व्हते. पोरी आल्या, म्हणल्या काकी बिनहुकाचं काय हाये का. तांड्यात तशी ती एकच. आरसे न्हाईत, साधी. नाणं तेवढं माह्या मायनं शिवलेलं, ते काढवलं न्हाई. सगळ्यांनी तीच घातली."

"किती जणींनी?"

"वयात आलेल्या सगळ्या पोरींनी."

पुढं कनेरगाव नाक्याचे दिवे अजून लागले नव्हते, उजेड होता. जिवनबाईनं ओढणी नीट केली आणि पुढं झुकून, बाजारात भाव विचारावा तशा साध्या आवाजात विचारलं,

"बाई, गोळ्या माह्याच नावानं भेटतील ना?"

"कुणाच्या नावानं?"

"माह्या. मी येऊन घेऊन जाईन दर महिन्याला. अन् त्या दुसऱ्यानं खाल्ल्या, तं त्याला गुण येतो ना?"

प्रियदर्शनीला रडू येत होतं आणि आत्ता रडण्यात काही अर्थ नव्हता.

"मावशी, तुमचा फोटो साफ निघेल. साफ फोटोवर कोणी गोळ्या देत नाही."

ही गोष्ट जिवनबाईच्या ध्यानात आलेली नव्हती. तांड्यापासून इथवर तिनं सगळं जुळवून आणलं होतं, दाढ, दवाखाना, महिन्याची खेप, सासरी गेलेल्या पोरीला डब्यातून गोळ्या कशा पोचवायच्या तेही, आणि ही एवढी एक गोष्ट राहून गेली होती. ती हातातल्या बांगड्या एकेक करून फिरवत बसली.

फारुकनं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि थांबवली. मागं वळला नाही.

"लग्न मोडायला लागत नाही," प्रियदर्शनी म्हणाली. "पुढं ढकलायला लागतं. औषध सुरू झालं की काही आठवड्यांत दुसऱ्याला लागण व्हायची भीती पुष्कळ कमी होते. सहा महिन्यांत ती ठणठणीत होईल."

"ढकलायला कारण सांगावं लागतं, बाई."

"हो."

"ते ओट्यावर बसलेत. कारण ऐकलं की उठतील. अन् उठले की परत कोणीच बसणार न्हाई. तिला बाप न्हाई."

औषध कसं घ्यायचं ते प्रियदर्शनी सांगू शकत होती, किती दिवस ते सांगू शकत होती. ओट्यावर बसलेल्या माणसांचं तिला काही सांगता येत नव्हतं. एक मालट्रक बाजूनं गेला आणि गाडी हलली.

"गुरवारी लग्न होऊन जाऊ द्या," जिवनबाई म्हणाली. आता तिचा आवाज साधा राहिला नव्हता. "चारच दिवस. मंग मी तिला माहेरपणाला आणते अन् तुमच्या हवाली करते. चार दिवसांनी काय व्हतं?"

"त्या घरात कोण कोण आहे?"

जिवनबाई बोलायला गेली आणि थांबली. बांगड्या फिरवणारा हात मांडीवर पडून राहिला. ती खिडकीतून बाहेर पाहत होती, पण बाहेर नुसती काढणी झालेली हळदीची रानं होती, बघण्यासारखं काही नव्हतं. फारुकनं स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले होते.

"सोयरीक झाली तवा मी पुजाला घेऊन घर बघायला गेले व्हते," जिवनबाई बऱ्याच वेळानं म्हणाली. "मोठ्या सुनेचं बाळंतपण झालेलं. लेकरू माह्या मांडीवर दिलं त्यांनी. पुजाच्या बी दिलं. एवढुसं. तिला सोडतच नव्हतं."

तिनं ओढणीनं तोंड पुसलं, मग पुढच्या सीटच्या पाठीवर हात टेकून फारुकला हाक मारली.

"भाऊ, गाडी वळवा."

"कुणीकडं घेऊ?"

"तांड्यावर. व्याही उठायच्या आत पोचवा मला. माह्या तोंडानं सांगते त्यांना."